कोनाड्याशेजारची काठी

मी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी बोलतेय. पडक्या भिंतींच्या फोटोत कडेला उभी असते, ती मीच. भिंत किती उंच ते कळावं म्हणून मला उभं करतात. माझ्याकडे बघावं म्हणून नाही.

सुताराने रंधा मारून मला सरळ केलं, तेव्हापासून वाकायची सोय राहिली नाही. माळरानावरची प्राचीन दगडी घरं मोजत हिंडणाऱ्या एका नवरा-बायकोने मला विकत घेतलं. त्यांना मी साहेब आणि बाई म्हणते. गाडीत मी दोघांच्या मधून आडवी पडायची, त्यामुळे त्यांच्या संसारातलं बरंच काही माझ्या कानावर आहे.

शेवटच्या माळावर दोघांचं बिनसलं. दगडांची गोल भिंत होती, छप्पर कधीच गेलेलं. साहेब म्हणाले, हा मेंढवाडा. बाई म्हणाल्या, माणसांचं घर. मेंढवाडा ठरला तर ठेकेदार सगळे दगड रस्त्याच्या खडीला नेणार होता. घर ठरलं तर त्याला हात लावता येणार नव्हता. तो ट्रकला टेकून जांभया देत होता.

साहेबांनी चूल शोधली, राख शोधली. काही मिळालं नाही. भिंतीत खाली एक पोकळी होती. तिच्याशेजारी मला उभं करून त्यांनी फोटो काढला आणि इथला दगड निखळलाय म्हणाले. बाई गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की मला परतीचा प्रवास नको वाटायचा.

दुपारी साहेबांची कंबर धरली.

"भांडण नंतर करू," बाई म्हणाल्या. "सावलीला जरा आडवे व्हा."

साहेब भिंतीलगत आडवे झाले, डोळे मिटले, चष्मा काढला आणि न बघताच त्या पोकळीत ठेवला.

बाईंनी त्यांचा हात कुठे गेला ते पाहिलं.

"अहो, चष्मा कुठे ठेवलात?"

"हा काय, कोनाड्यात."

साहेबांनी डोळे उघडले. मेंढरं उशाशी काही ठेवत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते उठले आणि कंबरेवर हात ठेवून ठेकेदाराला परत पाठवायला गेले.

परतताना दोघं इतकं बोलत होते की मला न्यायचंच राहिलं. तो एक प्रवास हुकला, याचं मला फार वाईट वाटतं.

आता माझे पट्टे उडालेत. कधी आलात तर मला सरळ करत बसू नका. भिंतीलगत आडवे व्हा आणि डोळे मिटून हात बाजूला न्या. तो बरोबर पोचतो.