माळवदावरची आंतरराष्ट्रीय कचेरी

मी बी.ए. झालो तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "आता काय उजेड पाडणार?" या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझी वीस वर्षं गेली. मी सोलापुरातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवतो. भूगोलाच्या मास्तराचा एक तोटा असतो. जग केवढं आहे हे त्याला रोज फळ्यावर काढून दाखवावं लागतं, आणि आपण त्यात कुठं आहोत हे कोणी विचारत नाही.

महायुद्ध संपलं, जिनेव्हाला राष्ट्रसंघ निघाला, आणि मला वाटलं, आलं बोलावणं. बोलावणं आलं नव्हतं. पण वाट पाहायला एक पत्ता मिळाला.

भाड्याच्या घराच्या माळवदावर मी चार बांबू उभे करून वर पत्रा टाकला. खाली टेबल आणि एक हिरवी ट्रंक. ट्रंकेत जागतिक शांततेची योजना, कलमं एकशे बेचाळीस. पोस्टमन शंकरप्पा माझं पाकीट उलटंसुलटं करून विचारी, "मास्तर, हे दौंड जंक्शनावरनं जाणार का वाडी जंक्शनावरनं?" मी म्हणे, "समुद्रावरनं." तो मान हलवी. समुद्राचा काय भरवसा, असा त्याचा चेहरा होई.

दुपारी शाळेतून आल्यावर मेलची शिट्टी झाली की मी माळवदाच्या कडेला जाऊन उभा राही. स्टेशनाकडं धुराची रेघ दिसे. त्या रेघेत माझं उत्तर असेल असं मला दोन वर्षं रोज वाटलं.

खालच्या खोलीत केराबाई राहायची. नवरा गेला, मेंढरं गेली, तेव्हा सांगोल्याकडून इकडं आलेली. गिरणीतल्या चिंध्या आणून ती दुपटी शिवी. गल्लीत पोर जन्मलं की बारशाला केराबाईचं दुपटं ठरलेलं. ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. अलीकडं मात्र दुपटी बंद झाली होती. "म्हातारीचं डोळं गेलं," असं गल्ली म्हणे. मी तेवढ्यावरून 'बहुजनसमाजातील नेत्ररोग' असा लेखही लिहिला. तो साभार परत आला.

मग एका सुट्टीच्या दिवशी कार्ड आलं. जिनेव्हाचं! छापील, फ्रेंचमध्ये. मला फ्रेंच येत नाही. तरी त्यात माझं नाव होतं; एक अक्षर चुकलेलं, पण माझंच. पत्र पोचलं, एवढाच मजकूर असावा. मला ते कोणालातरी दाखवायचं होतं. शंकरप्पा पुढच्या गल्लीत गेला होता. घरात केराबाईच होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी तिच्या खोलीत गेलो.

"केराबाई, हे बघा! जिनेव्हाहून आलंय!"

"मला कुटं दिसतंय, मास्तर? अंधार हाय की हितं."

दुपारचे बारा वाजले होते.

"जरा उजेडात धरा."

"उजेड त्यो वर ऱ्हायला."

मी वर पाहिलं. माळवदाच्या घराला उजेडासाठी, धुरासाठी छताला एक भोक ठेवतात. इकडं त्याला सानं म्हणतात. केराबाईच्या सान्यात हिरवा पत्रा दिसत होता. त्याला एक पोचा होता. तो पोचा मी ओळखला. ट्रंक जिन्यावरून चढवताना पडला होता.

भोक मला ठाऊक होतं. खालचा धूर येऊन कलमं काळी पडतात, म्हणून मीच ट्रंक त्यावर सरकवली होती. भोकाखाली काय असतं, हे भूगोलात येत नाही.

"ट्रंक माझी आहे," मी म्हणालो.

"म्हाईत हाय की."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"शंकरप्पा म्हनला, मास्तर जगाचं भलं कराय लागल्यात. म्हनलं, जगात आपली गल्ली बी आसंल की. यील आपली बी पाळी." मग ती माझी समजूत घातल्यासारखं म्हणाली, "लांबनं सुरवात केली आसंल तुमी."

मी वर जाऊन ट्रंक ओढली. उजेड पडेना, वर पत्रा होताच. पत्रा काढला, बांबू उपटले, टेबल खाली नेलं. आंतरराष्ट्रीय कचेरी बंद झाली. जिनेव्हाला तसं कळवलेलं नाही. ट्रंक आता माझ्या खाटेखाली आहे.

हल्ली आभाळ भरून आलं की सान्यावर घमेलं पालथं घालायचं आणि ऊन पडलं की काढायचं, एवढं काम माझ्याकडं असतं. मागच्या आठवड्यात गल्लीतल्या दगडाबाईच्या नातीला दुपटं मिळालं. टाके जरा वाकडे होते.

मेल मात्र रोज येते. शिट्टी झाली की मी अजून माळवदावर जातो. काल धुराची रेघ नीट दिसेना, म्हणून दोन पावलं सरकून, टाचा उंचावून पाहत होतो.

"मास्तर," खालून आवाज आला, "वाईच बाजूला व्हा की. सावली पडतीया."

मी बाजूला झालो. तिथून स्टेशन दिसत नाही.