कप्प्यांविना धनुष्य

व्हर्ना निएमीने आपलं कंपाउंड धनुष्य थोरल्या भावाच्या, रेनोच्या मांडीवर ठेवलं. "हे तुझं तुला परत. यंदापासून मी साधं लाकडी घेणार."

रेनोनेच ते तिला वाढदिवसाला दिलं होतं. रानातल्या त्यांच्या शिकारीच्या खोपीवर कारभार त्याचाच.

"डोकं फिरलंय का तुझं? ओढलं की कप्प्या सगळा भार घेतात, दुर्बिणीतनं अंतर कळतं, नेमाचा मणी हरणावर धरायचा नि बाण सोडायचा! त्या काठीनं काय मारणार?"

चुलतभाऊ टोइवो तव्यावर कांदा परतत होता. "वास येईल तिला हरणांचा. तेवढ्यावर भागवेल."

"तुझ्या पायमोज्यांपुढे हरणाचा वास कुठला यायला," व्हर्ना म्हणाली.

थंडीभर ती सरकारी रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचं अवजड यंत्र चालवायची. खटके, दिवे, आकडे यांत तिचा जन्म चालला होता. गेल्या शिकारीतही तेच झालं. आकडा दिसला, दोरी सोडायचा बोटाखालचा खटका दाबला, लांबवर हरीण पडलं. जवळ जाऊन उभी राहिली तर मनात काहीच हललं नाही. टपालवाल्याकडून पुडकं घेतल्यासारखं वाटलं. ते तिच्या मनातून गेलंच नाही.

उन्हाळाभर ती परसात सराव करत राहिली. पहिले बाण सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, भिंतीत रुतले. दोरीचे फटके बसून डावा हात काळानिळा झाला. हळूहळू बाण एका जागी पडू लागले, पण फक्त जवळून. पंधरा पावलांपलीकडे बाण सोडायचा नाही, हे तिनं स्वतःशीच ठरवून टाकलं.

ऑक्टोबरात मोठ्या शिंगांचा नर दलदलीच्या कडेला आला आणि तिच्यापासून तीसेक पावलांवर चरत राहिला. व्हर्नानं धनुष्य उचललंच नाही. नर निवांत निघून गेला. दूरच्या मचाणावरून रेनोनं सगळं पाहिलं आणि तावातावानं खाली उतरून आला.

"समोर उभा होता, व्हर्ना!"

"लांब होता."

"लांब? तेवढ्या अंतरावरनं तू झोपेत मारायचीस!"

"झोपेतच मारत होते, म्हणून तर ते कप्प्यांचं धनुष्य सोडलं."

"हे बघ, खोपीवरचं मटण खायचं तर स्वतः मारावं लागतं. बाबांचा नियम आहे."

"बाबांकडे कप्प्या होत्या का?"

"बाबांकडे बंदूक होती!"

टोइवो पोट धरून हसला. व्हर्नाचे कान तापले, तरी ती मागे हटली नाही. "मग नाही खाणार."

आणि खरंच, त्या दिवसापासून ती राय धान्याचा काळा पाव आणि डब्यातले मासे खाऊन राहिली.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी पहाटे देवदाराच्या बुंध्याशी ती दबून बसली होती. एक मादी इतकी जवळ आली की तिच्या पापण्या दिसत होत्या. व्हर्नानं दोरी गालापर्यंत ओढली आणि बोटं सोडली. दोरीचा आवाज होताच मादी उसळली. बाण तिच्या पोटाखालून जाऊन शेवाळात घुसला. रान पुन्हा गप्प झालं. व्हर्ना एकटीच हसत होती.

खोपीत शिरताच तिनं कोणी विचारायच्या आत सांगून टाकलं, "चुकला. दहा पावलांवरून."

रेनोनं ताटात भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा वाढला आणि तिच्यापुढे सरकवला.

"नियम आहे ना?" तिनं ताट परत ढकललं.

"खा गं, हट्टी! पुढच्या साली ते कंपाउंड परत घे, मी काही बोलणार नाही."

"पुढच्या साली हेच घेऊन येईन. त्याच्या पुढच्या सालीही. तू खुशाल बोल."

तिनं माशांचा डबा उघडला आणि चवीचवीनं जेवायला बसली.