साडेचार पानं

"अर्धं पान जास्त भरतंय, दर्शना. गोष्ट चार पानांत बसव." हितेंद्रने प्रुफं माझ्यासमोर ठेवली. "समोरच्या पानाला जाहिरात आलीय, मी काही करू शकत नाही. पाच वाजता फाइल छापखान्यात जाते. नाही बसली तर पुढच्या दिवाळीला बघू."

हितेंद्र वडिलांनी सुरू केलेला दिवाळी अंक काढतो. खोताच्या वाडीच्या तोंडाशी, पहिल्या मजल्यावर त्याची दोन खोल्यांची कचेरी आहे. माझ्या सात गोष्टी सात अंकांनी साभार परत पाठवल्या होत्या. ही आठवी, आणि घेतलेली पहिलीच. परळच्या लॅबमधून मी अर्धी रजा टाकून आले होते. तिथे मी पेशींचे नमुने तपासते, आणि जे दिसतं तेवढंच अहवालात लिहिते.

अर्धं पान म्हणजे एकोणीस ओळी. काय काढायचं ते मला दहा मिनिटांत समजलं. गोष्ट माझ्या बाबांची होती; ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कापड विणायचे. गिरणी बंद पडल्यावर ते कोकणात परत जातात की लालबागेतच राहतात, एवढाच तिचा प्रश्न. मधला जेवणाचा परिच्छेद बरोबर एकोणीस ओळींचा होता. त्यात काही घडत नव्हतं. काढला तरी कुठे खड्डा पडत नव्हता. मी प्रुफावर पेन्सिलीने त्याला कंस घातला.

"कापाकापी नंतर. आधी वाचून घेऊ," राजलक्ष्मीताई म्हणाल्या.

त्या इथल्या मुद्रितशोधक. वय पंचाहत्तरच्या पुढे, जन्म याच गल्लीतला, इस्त्रीची सुती साडी, नाकावर जाड चष्मा. त्यांची पद्धत जुनी. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून जुळवायचं. वाचताना विरामचिन्हंही उच्चारायची. स्वल्पविराम म्हणजे 'स्वल्प', पूर्णविराम म्हणजे 'पूर्ण'. आवाजात चढउतार करायचा नाही, कारण अर्थात गुंतलं की चूक निसटते.

"तू प्रूफ धर. मी वाचते. रडूबिडू येत असेल तर आधीच सांग. नवीन लेखकांना येतं."

"नाही येणार."

"बरं. 'साचेखात्यात एका वेळी नऊशे साचे चालत स्वल्प आणि त्यांचा आवाज नव्वद डेसिबलच्या वर जाई पूर्ण.' डेसिबल कशाला गं?"

"मोजलेलं आहे ते. संदर्भ आहे माझ्याकडे."

"असेल. पुढे. 'कापड विणणाऱ्या माणसाला स्वल्प शेजारच्याचं बोलणं स्वल्प...'"

ही सुरुवात मी सात वेळा लिहिली होती. सतरा ओळी, प्रत्येक तपशील पडताळलेला. त्यांच्या तोंडी ती रेल्वेच्या वेळापत्रकासारखी वाटत होती. मी स्वतःला समजावलं, त्या सगळंच असं वाचतात. चार चुका सापडल्या. पलीकडच्या टेबलावर हितेंद्र अनुक्रमणिका जुळवत होता. दुसरं पान संपलं. मग जेवणाचा परिच्छेद आला.

"'नवा परिच्छेद. बाबा जेवायला बसले की आई तोंडाने काही विचारत नसे पूर्ण. साचेखात्यात ते खुणांनी बोलत स्वल्प आणि तीच भाषा त्यांनी घरी आणली होती पूर्ण. गिरणी बंद होऊन चार वर्षं झाली होती घरात पंख्याखेरीज आवाज नव्हता तरी आई चिमूट दाखवायची मीठ हवं का आणि बाबा तळवा आडवा धरायचे नको मग ती भाताच्या टोपाकडे बोट करायची आणि ते दोन बोटं...'"

माझं बोट प्रुफावर थांबलं. चिन्हं येत नव्हती. मला वाटलं, एखादं राहिलं असेल. पण त्या वाचतच गेल्या. आवाज किंचित खाली आला होता आणि हस्तलिखित डोळ्यांच्या जवळ गेलं होतं. हितेंद्रने हातातला कागद खाली ठेवला. एकोणीस ओळी संपल्या.

"ताई," तो म्हणाला, "चिन्हं?"

त्यांनी चष्मा काढला. "राहिली का?"

"सगळी."

"काहीतरीच."

"चौतीस वर्षं ऐकतोय तुम्हाला. शाळेतून इथे यायचो तेव्हापासून. माझ्या बाबांच्या मृत्युलेखात पण तुम्ही एक स्वल्प सोडला नव्हता."

"तू तुझी अनुक्रमणिका बघ." त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचे कान लाल झाले होते. "परत वाचते. माझी चूक."

मी त्यांच्या हातातल्या हस्तलिखिताकडे बघितलं. त्या कागदावर माझंच अक्षर होतं, निळी शाई, डावीकडे कलणारं. त्यातलं काहीतरी त्यांच्यापर्यंत पोचलं होतं आणि चौतीस वर्षांची सवय त्यांच्याही नकळत सुटली होती. असं काही मी कधी पाहिलं नव्हतं. कौतुक करायचं म्हणून माणूस काहीही बोलू शकतो. हे ठरवून करता येत नाही. मी ते लिहिलं होतं, आणि त्यात काय आहे ते मला माहीत नव्हतं.

"ताई, आवडला का हा भाग?"

"मला आवड विचारू नकोस. चुका विचार." मग प्रुफावरचा माझा पेन्सिलीचा कंस त्यांना दिसला. "हा का काढतेयस?"

"यात काही घडत नाही म्हणून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, डोकं ताळ्यावर आहे ना हे पाहावं तशा.

मी कंस खोडला. खोडरबरने कागद चुरगळेपर्यंत. मग पहिल्या पानावर गेले आणि सतरा ओळींवर, नऊशे साच्यांवर आणि नव्वद डेसिबलवर, एक सरळ रेघ ओढली. दुखलं. पण फार नाही.

"सतरा झाल्या," हितेंद्र घड्याळाकडे बघत म्हणाला. "दोन ओळी राहिल्या. पावणेपाच."

मी शेवटचं पान उलटलं. तिथे दोन ओळींत मी वाचकाला गोष्टीचा अर्थ समजावून सांगितला होता. त्याही खोडल्या.

उरलेला मजकूर ताईंनी चिन्हांसकट भराभर वाचून घेतला, मग हितेंद्रने बदल घातले. पडद्यावर मजकूर वर सरकला, चौथ्या पानाच्या तळाशी जाऊन थांबला.

"बसली," तो म्हणाला.

गोष्ट आता "बाबा संध्याकाळी घरी आले, तेव्हा त्यांच्या हातात डबा नव्हता" इथून सुरू होत होती. हे वाक्य मी एका झटक्यात लिहिलं होतं, आणि सात खर्ड्यांत त्याच्याकडे पुन्हा पाहिलंही नव्हतं.