डावीकडे वळलेली शेपटी

"दहा वर्षांवरची गाडी आम्ही आत घेत नाही, बाई," टकेट फोनवर म्हणाला. "आणि तुमची तर एकोणनव्वद सालची. माझ्या मुलापेक्षा म्हातारी."

"मुलाला घेता ना आत?" आर्डिस म्हणाली.

पलीकडे टकेटला हसू आलं की ठसका लागला, कळायला मार्ग नव्हता. अ‍ॅरिझोनात मोटरहोम, म्हणजे चाकांवरची घरं, उभी करून लोक राहतात अशा एका आवाराचा तो व्यवस्थापक. नियम त्याने केलेला नव्हता, पण मिरवायचा मात्र स्वतःचाच असल्यासारखा. शेवटी म्हणाला, गाडी दिसायला नीट असेल तर सवलत देता येते. फोटो पाठवा. एक्केचाळीस नंबरची जागा पंधरा ऑक्टोबरपर्यंत धरून ठेवतो, त्यानंतर माझा इलाज नाही.

एक्केचाळीस नंबर म्हणजे वेल्डाच्या शेजारची जागा. वेल्डा ही आर्डिसची थोरली बहीण, वय चौऱ्याहत्तर. दोन वर्षांत तिची नजर मधोमध विरून गेली होती. कडेकडेचं तेवढं दिसायचं, समोरच्या माणसाचं तोंड दिसायचं नाही. फीनिक्सला राहणाऱ्या तिच्या मुलाने वृद्धाश्रम बघून ठेवला होता. शेजारी कुणी आपलं माणूस आलं तर ठीक, नाहीतर हिवाळ्याआधी आईला हलवायचंच, असं त्याचं म्हणणं. मुलगा वाईट नव्हता हो, पण वेल्डाला त्या वृद्धाश्रमाचं नाव काढलं तरी घास गिळवत नसे. आर्डिस दोन हजार मैलांवर, इंडियानातल्या एल्कहार्टला. तिच्या हातात सप्टेंबरचे चार आठवडे आणि परसात उभी असलेली एक मळकट, शेवाळलेली गाडी होती.

"भंगारात घाल," मर्ल म्हणाला. मर्ल हा तिच्या मयत नवऱ्याचा, डेल्बर्टचा, धाकटा भाऊ. दोन घरं सोडून राहायचा आणि सल्ला देताना त्याला कधी दम लागायचा नाही.

"तुला घालते आधी," आर्डिस म्हणाली. "शिडी धर."

आता आर्डिसबद्दल एक सांगायला हवं. मोटरहोम बनवणाऱ्या कारखान्यात तिने सव्वीस वर्षं एकच काम केलं होतं, सांधे भरण्याचं. छप्पर जिथे भिंतीला मिळतं, खिडकी जिथे बसते, दाराची चौकट जिथे टेकते, तिथे सीलंटची, म्हणजे फट बुजवणाऱ्या लुकणाची, रेघ ओढायची. गन हातात धरायची, श्वास रोखायचा आणि एका दमात, न थांबता रेघ शेवटापर्यंत न्यायची. मधे हात उचलला की तिथे फट राहते, आणि पाण्याला तेवढीच हवी असते. वेल्डा त्याच लाइनवर तिच्या शेजारी उभी असायची, आणि खोटं कशाला बोला, वेल्डाचा हात आर्डिसहून सरस होता. रेघ संपली की प्रत्येक बाई अंगठ्याने तिचं टोक दाबून मुरडायची. त्याला त्या शेपटी म्हणत. कुणाची शेपटी आखूड, कुणाची टोकदार. आर्डिस डावरी, म्हणून सगळ्या लाइनीत तिची एकटीची डावीकडे वळायची. गळकी गाडी परत आली की मुकादम शेपटी बघून सांगायचा, ही कुणाची.

तर पहिला आठवडा गाडी धुण्यात गेला. मग मर्लने घासायचं यंत्र आणलं. "हाताने कसली घासतेस, म्हातारी झालीस आता," म्हणत एका दुपारीत त्याने रस्त्याकडची अख्खी बाजू घासून काढली. आर्डिसलाही बरं वाटलं. जुने सांधे नंतर काढू, आधी अंग स्वच्छ होतंय तर होऊ दे, असं तिने मनाशी म्हटलं. सव्वीस वर्षं त्या कामात काढलेल्या बाईने असं म्हणावं! पण घाई झाली की शहाणपण आधी पळतं, तसं झालं.

प्रायमर मारला, वरून बदामी रंगाचा पहिला हात दिला. अर्ध्या तासाने ती कॉफी घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. खिडक्यांभोवती, छपराच्या काठाखाली, आणि तिथून खाली सगळ्या भिंतीभर रंग मागे सरकला होता. जागोजागी वाटाण्याएवढे गोल खड्डे, आणि खड्ड्यात खालचा जुना पत्रा. देवी आलेल्या तोंडासारखी भिंत दिसत होती.

"रंग खराब आला," मर्ल म्हणाला. "दुकानदाराला धर."

आर्डिसने बोलायच्या आधी नख घातलं खिडकीच्या सांध्यात. रबरासारखी, चकचकीत, पारदर्शक पट्टी नखाखाली ताणली गेली.

"सिलिकॉन," ती म्हणाली. तिने तो शब्द असा उच्चारला की मर्लने टोपी काढली.

एल्कहार्ट म्हणजे मोटरहोमच्या कारखान्यांचं गाव, तिथे लहान पोरालाही ठाऊक असतं, मोटरहोमला सिलिकॉन लावायचं नाही. त्यावर रंग बसत नाही, दुसरं सीलंट धरत नाही, आणि काढलं तरी त्याचा तेलकट अंश मागे राहतो. तो अंश मर्लच्या यंत्राने काठावरून उचलून भिंतभर फासला होता. मर्ल बिचारा यंत्राकडे बघत राहिला.

"हे डेल्बर्टचं काम," आर्डिस म्हणाली. "दुसऱ्या कुणाची हिंमत व्हायची नाही."

संध्याकाळपर्यंत तिने नवऱ्याला झोड झोड झोडलं. तीन वर्षं झाली होती त्याला जाऊन, पण म्हणून काय झालं? स्वयंपाकघरातल्या फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "चाळीस वर्षं माझ्याशी संसार केलास आणि एवढं शिकला नाहीस? चोरून लावलंस ना? मी कामावर गेले की शिडी लावली असशील. बघ आता, तुझ्यापायी माझ्या बहिणीचं काय होतंय ते बघ!" डेल्बर्ट फोटोत मासा धरून हसत होता, त्यामुळे ती आणखीच चिडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिडीवर चढली. मागच्या खोलीच्या, पलंगावरच्या छपराच्या काठापासून सिलिकॉन खरवडायला सुरुवात केली. पत्र्याला ओरखडा नको म्हणून प्लास्टिकची पट्टी घेतली होती. सोलत सोलत टोकाशी आली आणि हात थांबला.

रेघेचं टोक अंगठ्याने दाबून मुरडलेलं होतं. डावीकडे.

ती शिडीवर बसूनच राहिली. मग हळूहळू सगळं आठवलं. तो एप्रिल. डेल्बर्ट हॉस्पिटलात, डॉक्टर म्हणत होते पुढच्या आठवड्यात घरी सोडू. घरी आला की त्याला गाडीतून तळ्यावर न्यायचं ठरलं होतं, तो रोज विचारायचा. आणि पाऊस लागला, आणि त्याच्या पलंगावर टपटप गळायला लागलं. हॉस्पिटलातून येताना तिने कोपऱ्यावरच्या दुकानात सांधे भरायची जी नळी हाताला लागली ती उचलली, आणि रेनकोट घालून, भिजत, रडत, गाडीचे सगळे सांधे भरून काढले. नळीवर काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नव्हतं. डेल्बर्ट तळ्यावर गेला नाही. घरीही आला नाही. ती गाडी पुन्हा उघडली गेली नाही, आणि तो दिवस तिने मनातून पुसून टाकला होता.

ती खाली उतरली, स्वयंपाकघरात गेली आणि फोटोसमोर उभी राहिली.

"मीच रे," ती म्हणाली. "चुकले. माफ कर." मग तोंड धुतलं आणि मर्लला फोन लावला. "फाटक्या चादरी, बनियनं, टॉवेल, असेल नसेल ते घेऊन ये. आणि ते यंत्र घरी ठेव."

त्यानंतरचे बारा दिवस मर्ल अजून विसरलेला नाही. सगळा रंग उतरवला. मग सांध्यातलं सिलिकॉन बोटबोटभर खरवडलं. मग तेलकटपणा काढणाऱ्या औषधात फडका बुडवून पुसायचं, आणि एक फडका एकदाच. एका दिशेने एकदा पुसला की फेकला. दुसऱ्यांदा टेकवला की पहिल्याचा तेलकटपणा पुन्हा भिंतीला. मर्लला ते जिवावर यायचं.

"अगं, ही बाजू तर अजून कोरी आहे."

"फेक."

"माझं चर्चला जायचं बनियन होतं ते!"

"देव बघत नाही आतलं. फेक."

प्रत्येक हातभर जागा झाली की ती पाणी शिंपडायची. पाण्याचे मणी झाले म्हणजे अजून सिलिकॉन आहे, पुन्हा पुसा. पाणी सपाट पसरलं की पुढे सरका. गुडघे सुजले. बोटांच्या टोकांची कातडी गेली. "रस्त्याकडची एकच बाजू कर ना, फोटोत तेवढीच येणार," असं मर्ल एकदाच म्हणाला. त्यानंतर म्हणाला नाही.

सप्टेंबर संपता संपता सगळ्या गाडीभर पाणी सपाट पसरलं. आता सांधे. आर्डिसने नव्या नळ्यांवरचं अक्षर न् अक्षर चष्मा लावून वाचलं, मर्लकडूनही वाचून घेतलं. छप्पर झालं, खिडक्या झाल्या. वेल्डाला बजावून ठेवलं होतं, दिवसा फोन करायचा नाही, रेघ तुटते. शेवटी उरला दाराच्या डाव्या अंगाचा उभा सांधा. अर्ध्यावर आली आणि खिशातला फोन वाजला.

वेल्डा. सकाळी अकरा वाजता! आर्डिसचा हात आपोआप उचलला गेला.

"काय झालं? पडलीस का?"

"पडतेय कशाला. मुलगा कागद घेऊन आलाय वृद्धाश्रमाचे. सही कर म्हणतो."

"केलीस?"

"मी म्हटलं, बाबा, मला दिसतच नाही कुठे सही करायची ते." वेल्डा हसली, पण तो आवाज हसण्याचा नव्हता. "सोळा तारखेला परत येतो म्हणालाय. तो बोट धरून दाखवणार आहे कुठे करायची ते. आर्डिस, तू येतेयस ना गं?"

"येतेय. फोन ठेव, काम करू दे."

तेवढ्यात रेघेवर साय धरली होती. आर्डिसने उरलेला सांधा भरला, जोडावर बोट फिरवलं. फट नव्हती, पण शेंगदाण्याएवढा उंचवटा राहिला. एरवी तिने सगळी रेघ खरवडून पुन्हा ओढली असती. पण थंडी दारात उभी होती, रंग वाळायला ऊन लागतं, आणि उन्हाचे दिवस मोजकेच उरले होते. दात खाऊन तिने तो उंचवटा तसाच सोडला.

दोन हात बदामी रंगाचे, कमरेला हिरवा पट्टा. खड्डा एकही नाही. मर्ल गाडीभोवती तीन चकरा मारून म्हणाला, "डेल्बर्टने बघायला हवी होती." आर्डिसने त्याचा हात दाबला.

फोटो पाठवला. दोन तासांत टकेटचं उत्तर आलं. बाई, हा फोटो गाडी नवी असतानाचा दिसतो, असे फार जण पाठवतात, ताजा पाठवा.

मर्ल पोट धरधरून हसला. आर्डिसला हसू आलं नाही. तिने लिहिलं, चौदा तारखेला फाटकाशी उभी करते. हात लावून बघा.

पाच दिवस तिने एकटीने गाडी हाकली. टेकडीवर दम लागायचा गाडीला, ओक्लाहोमात आडवा पाऊस झोडपून गेला. रात्री तिने आतून प्रत्येक कोपऱ्याला तळहात लावून बघितला. ठाक कोरडा.

चौदा तारखेला दुपारी टकेट फाटकाशी आला. उंच, कमरेत वाकलेला माणूस, हातात कागदांची पाटी. रस्त्याकडची बाजू बघितली, मग मागून फिरून दुसरी. पट्ट्यावर नख मारून बघितलं. तोंडावर काही दिसेना.

"रंग छान आहे," तो म्हणाला. "पण रंग कुणीही फासतो हो. महिन्याभरात गळायला लागते, मग लोक वर ताडपत्री बांधतात, आणि माझ्याकडे तक्रारी. आत काय आहे ते मला कसं कळणार?"

दोन हजार मैल, बारा दिवसांचे फडके, आणि हा माणूस म्हणतो कसं कळणार!

"मला कळेल," मागून आवाज आला.

वेल्डा काठी टेकत आली होती. बहिणीचं तोंड तिला दिसत नव्हतं, म्हणून तिने आधी हाताने चाचपलं, नाक ओढलं. "वाळलीस," म्हणाली. मग काठी टकेटच्या हातात दिली, जणू तो खुंटीच होता, आणि गाडीच्या सांध्यावर दोन बोटं टेकवली. मागच्या खिडकीपासून निघाली. वाकली, चवड्यावर उभी राहिली, बोटं कुठेही उचलली नाहीत. टकेट काठी धरून मुकाट मागे चालत होता.

"एकदम मुरलेली रेघ," ती पुटपुटत होती. "खालीही स्वच्छ केलंय. सिलिकॉनचं नाव नाही. शेपटी डावीकडे, म्हणजे हिचीच." अख्खी फेरी घालून दाराशी आली आणि बोटं थांबली.

"इथे हात उचललास."

आर्डिस तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"सव्वीस वर्षांत कधी उचलला नव्हतास. का गं?"

"तुझा फोन आला होता," आर्डिस म्हणाली. "सहीचा."

वेल्डाची बोटं त्या उंचवट्यावरच राहिली. टकेटने पाटीवर काहीतरी लिहिलं, एक्केचाळीस नंबरचा बिल्ला काढून आर्डिसच्या हातात दिली आणि फाटक उघडायला गेला.

"उद्या खरवडून नीट करते," आर्डिस म्हणाली.

"हात लावू नकोस त्याला," वेल्डा म्हणाली. "तुझं दार कुठे आहे ते मला त्यावरून कळेल."