बाबांच्या धोतरातलं आभाळ

त्रिपुरसुंदरीला सगळी गल्ली मराठी अक्का म्हणायची. उत्तर चेन्नईतली ती गल्ली. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला धातू वितळवणाऱ्या कारखान्याचं धुराडं. तंजावूरहून लग्न होऊन ती इथे आली. नवरा बंदरात कारकून होता, तो गेला, ती राहिली. मराठी बोलायला गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. मग ती गच्चीवरच्या तुळशीशी बोलायची, गोकर्णीच्या निळ्या वेलाशी बोलायची, आणि पाऊस आला की पावसाशी.

पावसाशी तिचं बोलणं म्हणजे एक रीतच होती, माहेरून आलेली. गच्चीवर चार काठ्या रोवायच्या, धुतलेल्या पांढऱ्या धोतराची चार टोकं त्यांना बांधायची, मधोमध एक गुळगुळीत गोटा ठेवायचा. गोट्याच्या वजनानं धोतराला झोळ पडतो, आभाळातलं पाणी गोट्यापाशी जमतं आणि तिथून खालच्या तांब्याच्या घागरीत धार धरतं. कौलाला लागलं नाही, नळाला शिवलं नाही, असं ते पाणी. देवाला तेच, एकादशीच्या फराळानंतर तेच, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावरची घडीही त्याचीच. धोतर बाबांचं. लहानपणी दोन टोकं ती बांधायची आणि दोन टोकं तिचा धाकटा भाऊ सुधींद्र. उंची पुरायची नाही म्हणून तो बादली पालथी घालून तिच्यावर उभा राहायचा, आणि ती म्हणायची,

आभाळाच्या गंगे, उतर गे झोळी,
भाऊ माझा वेळी, पाठीराखा.

आता सुधींद्र मोठा साहेब झाला होता. त्याच कारखान्यात, पर्यावरण खात्याचा प्रमुख. राहायला मात्र दूर, अड्यारला. महिन्यातून एकदा बहिणीकडे यायचा, तिच्या हातचं चिंचेचं आंबट सांबार ओरपायचा आणि आभाळ भरून आलं की घाईघाईनं गाडीत बसायचा.

"थांब की रे, पाऊस पडून जाऊ दे," ती म्हणायची.

"नको अक्का, रस्ते तुंबतात."

तिला ते पटायचं. चेन्नईचे रस्ते तुंबतातच.

गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र काहीतरी बिनसलं होतं. पाऊस झाला की दुसऱ्या सकाळी गोकर्णीच्या निळ्या पाकळ्यांवर फिकट गुलाबी ठिपके उमटायचे, कुणी कुंकवाचं पाणी शिंपडावं तसे. तुळशीच्या पानांना तपकिरी कडा यायची. घागरीच्या गळ्याशी हिरवट थर धरायचा, कितीही चिंच घासली तरी पुन्हा तोच. आणि बाबांचं धोतर जिथे भिजायचं तिथेच विरत चाललं होतं.

त्रिपुरसुंदरीनं दोष कुणाला दिला असेल? स्वतःला. तिला वाटलं, आपल्या सोवळ्यात कुठेतरी उणं पडतंय. ती पहाटे उठून ओलेत्यानं धोतर पिळू लागली, आणखी एक एकादशी धरली. पोटात मुरडा येऊ लागला तर उपासाचाच असेल म्हणून ओव्याची चिमूट तोंडात टाकली.

"सुधी, बघ रे, बाबांचं धोतर असं का होतंय?" तिनं एकदा विचारलंच.

त्यानं कापड बोटांत धरलं, चोळलं.

"तू साबण फार लावतेस, अक्का," तो म्हणाला.

तेव्हापासून तिनं साबण सोडला, रिठे आणले.

त्याच सुमाराला शेजारच्या कामाक्षीनं गल्ली उठवली. कामाक्षी फटकळ बाई. तिच्या पत्र्याला चाळणीसारखी भोकं पडली होती, आणि तिची लहानगी नात शरण्या पावसात भिजली की डोळे चोळून चोळून लाल करायची. "हा पाऊस नाही, ही त्या धुराड्याची थुंकी आहे!" असं ओरडत ती घरोघर फिरली. सगळ्यांनी मिळून कारखान्याविरुद्ध अर्ज करायचं ठरलं. अर्ज जाण्याआधी देवळाच्या मंडपात सभा ठरली, आणि कारखान्याच्या बाजूनं बोलायला आला सुधींद्र.

सभेच्या सकाळीच तो बहिणीकडे आला.

"अक्का, माझं कुणी ऐकणार नाही. कारखान्याचा माणूस म्हणतील. तुझं ऐकतील."

"मला काय कळतंय रे त्यातलं?"

"कळायचं काय त्यात? तू आभाळपाणी पितेस ना वर्षानुवर्षं? तेच सांग. सगळ्यांना तीर्थ म्हणून दे. बाबांच्या धोतरातलं पाणी वाईट असेल का, तूच सांग."

तिचा ऊर भरून आला. भावानं काही मागावं आणि ते आपल्यापाशी असावं, असं सुख केव्हा मिळतं! आदल्या दिवशीच्या सरीची घागर तिनं गाळून ठेवली होती. ती उचलू लागली तसा सुधींद्र पुढे झाला.

"जड आहे. तू पायी ये, मी गाडीतून आणतो."

मंडपात तिनं घागरीत तुळशीचं पान सोडलं आणि आधी स्वतः घोट घेतला. पाणी गोड लागलं. इतकं गोड ते कितीतरी दिवसांत लागलं नव्हतं. तिला वाटलं, माझ्या एकादशी पावल्या. ती तमिळमध्ये मोठ्यानं म्हणाली, "हे आभाळाचं पाणी आहे. माझ्या बाबांच्या धोतरातून आलंय. मी खोटं बोलत असेन तर देव बघून घेईल."

मग एकेकाच्या ओंजळीत पळी पळी पडत गेली. शेवटी कामाक्षीही आली. तिनं शरण्याचे इवलेसे हात धरून पुढे केले आणि कुरकुरत म्हणाली, "मराठी अक्का सांगते म्हणून हं. तुझ्या भावासाठी नाही."

अर्ज बारगळला. पुढे जे झालं त्यानं तर त्रिपुरसुंदरी हरखूनच गेली. गल्लीतल्या गच्च्यांवर झोळ्या दिसू लागल्या. कुठे वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर, कुठे जुनी सुती साडी, चार काठ्यांना ताणलेली, मधे गोटा. कामाक्षीनंही आपली निळी साडी बांधली. माहेरची रीत अशी परक्या गच्च्यांवर वाऱ्यानं फुगलेली पाहून तिला वाटे, आई असती तर तिला दाखवलं असतं.

नवरात्रात ती भावाकडे गोलू बघायला गेली. पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांपुढे वाहायला तिनं परडीभर गोकर्णी नेली होती. सुधींद्र कामावर होता. भावजय सहाना दारातच भेटली, हसरी, बडबडी, पोटात काही न ठेवणारी.

परडीत डोकावून ती म्हणाली, "अय्यो अक्का, फुलांवरही पडला वाटतं तुमच्याकडचा पाऊस!"

"म्हणजे काय गे?"

"हे ठिपके हो. यांच्या गाडीच्या रंगावर असेच पडले होते. तेव्हापासून तिकडे ढग दिसला की हे पळून येतात. तुम्हाला सांगितलं असेलच की. धुराड्यातून गंधकाचा धूर जातो, तो ढगात मिसळतो, आणि पाऊस होऊन पडतो तो आंबट. लिंबाचा नव्हे हं, तेजाबाचा आंबट. झाडं करपतात, पत्रे गळतात, आणि तांब्यात साठवलं तर तांबंच पाण्यात उतरतं. मला तर तिकडून आल्यावर आधी अंघोळ करायला लावतात."

सहानानं दिलेला सुंडलाचा, उकडलेल्या हरभऱ्यांच्या प्रसादाचा द्रोण त्रिपुरसुंदरीच्या हातात तसाच राहिला.

"सहाना," ती हळूच म्हणाली, "मग सभेच्या दिवशी मी दिलं ते?"

"ते कुठलं तिकडचं! ते आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅनचं. कॅन घेऊन जिना उतरताना माझी कंबर भरली, म्हटलं, अक्काच्या गल्लीत पाणी मिळत नाही का? तर म्हणाले, अक्काच्या पोटात ते जायला नको. तुमच्यावर फार जीव हो यांचा." एवढं बोलून सहाना थांबली. नणंदेच्या चेहऱ्याकडे तिनं नीट पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं. "तुम्हाला… ठाऊक नव्हतं?"

परतीच्या बसमध्ये त्रिपुरसुंदरी खिडकीशी बसली. रडू आलं नाही. रडू यायला आधी काहीतरी आठवावं लागतं, आणि जे आठवे ते सगळं आता उलटं करून पाहावं लागत होतं. पालथी बादली, तिच्यावर उभा राहिलेला तो. "तू साबण फार लावतेस." भिजल्या धोतराची ती चिमूट. तेव्हाच कळलं होतं त्याला. बोटांनाच कळलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी तिनं वर पाहिलं. गच्च्यागच्च्यांवर झोळ्या. तिच्या शब्दावर बांधलेल्या.

त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं नाही. दोनदा कामाक्षीच्या दारापर्यंत जाऊन ती परत फिरली. सांगावं तर भाऊ उघडा पडतो, न सांगावं तर ओंजळी उघड्या राहतात. तिला एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. कोण जाणे, सहानाचंच काही चुकलं असेल. खोटी आशासुद्धा बहिणीला भावाच्या बाजूनंच सुचते.

दिवाळी आली. तमिळ शेजारणींचा भावांचा सण पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, हिची भाऊबीज मात्र कार्तिकातली. सुधींद्र मोठं खोकं घेऊन आला. ओवाळणी म्हणून पाणी शुद्ध करायचं यंत्र.

"आता हेच पाणी प्यायचं, अक्का. ते धोतर-बितर पुरे झालं."

तिनं पाट मांडला. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी-सोन्यानं ओवाळलं. मग चांदीचं फुलपात्र त्याच्या हातात दिलं. आदल्या दिवशी पाऊस झाला होता.

त्यानं इकडच्या रीतीनं पात्र ओठांपासून वर धरलं, मान मागे टाकली. आणि हात तसाच थांबला.

"कुठलं पाणी आहे गे?"

"बाबांच्या धोतरातलं."

पात्र खाली आलं. पाण्याचा थेंबही तोंडात गेला नव्हता.

"सहाना बोलली वाटतं," तो म्हणाला.

"तू बोलायचं होतंस."

"अक्का, मी तुला वाईट पाणी पाजलं नाही. उलट त्या दिवशी बदललं ते तुझ्यासाठीच."

"मला एक दिवस वाचवलंस. बाकीच्या वर्षांचं काय? आणि गल्लीचं?"

"धूर धुवायची यंत्रणा बसवणार आहेत. वेळ लागतो. तेवढ्यात अर्ज गेला असता तर कारखानाच बंद पडला असता. गल्लीतली निम्मी माणसं तिथेच कामाला आहेत ना? मी काय करायला हवं होतं?"

"ते मला नाही कळत. पण तुला खोटं बोलायचंच होतं, तर स्वतःच्या तोंडानं बोलायचं होतंस. माझं तोंड कशाला घेतलंस? माझी पळी, माझी तुळस, बाबांचं धोतर, सगळंच घेतलंस. मी साबणाला दोष देत बसले रे, सुधी. माझ्या हातांना दोष देत बसले."

बाहेर गडगडलं. सवयीनं त्याची नजर खिडकीबाहेरच्या गाडीकडे गेली, आणि ती नजर वळलेली तिनं पाहिली. त्या क्षणी तिच्या आत काहीतरी तुटलं ते जोडायला मग कुणीच नव्हतं. जुनी ओवी ओठांशी आली, पण शब्द बदलून आली.

आभाळाच्या गंगे, तुझं काय चुके?
घरचंच धुके, आड आलं.

फुलपात्र हातात घेऊन ती गल्लीत उतरली. समुद्राकडून काळं आभाळ चढत होतं. शेजारच्या गच्चीवर कामाक्षी साडीचं टोक काठीला आवळत होती, बाजूला शरण्या गोटा पोटाशी धरून उभी होती.

"कामाक्षी, साडी सोड."

"का अक्का? पाऊस आलाय की."

"म्हणूनच सोड." "मंडपातलं पाणी आभाळाचं नव्हतं. माझ्या भावानं कॅनचं पाणी भरून आणलं होतं. आभाळाचं हे आहे, आणि हे तो स्वतः पीत नाही. तू म्हणत होतीस तेच खरं होतं."

कामाक्षी कठड्याशी आली. आजूबाजूच्या गच्च्यांवरची डोकी वळली.

"तुला ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"त्या दिवशी नव्हतं. नवरात्रापासून आहे."

"नवरात्रापासून!" कामाक्षीनं नातीकडे पाहिलं. "या पोरीला मी कालसुद्धा या पाण्यानं न्हाऊ घातलं. तू म्हणालीस म्हणून."

त्रिपुरसुंदरीनं शरण्याच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं.

"अर्ज पुन्हा लिहा," ती म्हणाली. "पहिलं नाव माझं घाला."

"आणि भाऊ?"

मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं नाही.

"भाऊ ओवाळून झाला," ती म्हणाली.

कामाक्षीनं गाठ सोडायला घेतली. ओल्या वाऱ्यानं ती घट्ट बसली होती, नखांना दाद देईना. त्रिपुरसुंदरी जिना चढून वर गेली, फुलपात्र कठड्यावर ठेवलं आणि न विचारता पलीकडची गाठ सोडवू लागली. कामाक्षी तिच्याशी एक शब्द बोलली नाही. पण साडी सुटली तेव्हा तिचं एक टोक तिनं अक्काच्या हातात दिलं, घडी घालायला.