दिवसा लावलेला डायनॅमो

बाबा भर दुपारीसुद्धा सायकलचा डायनॅमो टायरला टेकवून ठेवायचे. रविवारी आम्ही दोघं साठ-सत्तर किलोमीटर फिरून अंधार पडायच्या आत घरी यायचो, आणि ती घरघर सगळा रस्ता माझं डोकं खायची.

"बाबा, उन्हात दिवा कशाला? उगाच सायकल जड होते," मी करवादायचे.

"सवय गं," एवढंच म्हणायचे.

पहिल्या पगारातून मी त्यांना बॅटरीचा दिवा आणला. "बॅटरी दगा देते, पाय देत नाहीत," असं पुटपुटत त्यांनी तो बसवला खरा, पण डायनॅमो काही उचलला नाही. चढावर मी त्यांना हमखास मागे टाकायचे आणि वर उभी राहून ओरडायचे, "भोगा हट्टाची फळं!"

ते गेल्यावर सायकल सात वर्षं धूळ खात पडली होती. काल ती दुरुस्तीला नेली. मेकॅनिकने डायनॅमो उलटसुलट करून पाहिला आणि हसला.

"ताई, चाकी झिजून गुळगुळीत झालीय, पण वायर कुठाय? स्क्रूवरचा कारखान्याचा रंगसुद्धा तसाच आहे. याला वायर कधी जोडलेलीच नाही."

मी तिथल्या स्टुलावर बसले. इतकी वर्षं मी स्वतःला पट्टीची सायकलवाली समजत होते.

"वायर टाकू?" त्याने विचारलं.

"नको. चाकी तेवढी नवी घाला."

उद्या नवरा त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच माझ्यासोबत सायकल चालवायला येतोय; बाबांची सायकल मी घेणार आहे. घरघर कसली म्हणून त्याने विचारलंच, तर सांगेन, सवय.