बोलायच्या खोलीतला बाक

बसा. तुमच्या खाली कुरकुरतोय तो मीच, सालेकशाकडच्या सरकारी दवाखान्यातला बाक. जात सागाची, पण जन्म गेला लोकांची बुडं सांभाळण्यात. वर्षानुवर्षं माझ्यावर माणसं सुईची वाट पाहत बसली. २०१४ साली मला मागच्या खोलीत हलवलं. तिथं दर गुरुवारी गोंदियाहून समुपदेशक रचना मॅडम यायच्या. त्यांच्याकडे ना सुई, ना बाटली. नुसतं बोलायचं. मला वाटलं, हे खातं लवकरच बंद पडणार.

पहिल्याच गुरुवारी हिरालाल आला, सोळा वर्षांच्या रीनाला घेऊन. लेक एका टोकाला बसली, बाप दुसऱ्या. रीनाला बायपोलर आजार आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मन कधी उधाणायचं, कधी पार बसायचं. उधाणात तिनं आठवडी बाजारात बापाच्या बकऱ्या फुकट वाटून टाकल्या. नंतर अंथरुणातून उठेना.

"बोलून बिमारी जाते का? मोठी सुई द्या," हिरालाल म्हणाला.

"गोळ्या सुरू आहेतच. पण घरात तुम्ही हिला काय म्हणता?" मॅडमनी विचारलं.

"येडी म्हनतो. अन् काय म्हनू?"

रीना भिंतीकडे बघत म्हणाली, "बकऱ्या वाटल्या तवा मी साऱ्या गावाची मालकीन होती. ते उतरलं, बाबा. तुमचं 'येडी' काही उतरून नाही राहिलं."

हिरालाल पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला. मग हळूच म्हणाला, "काळी बकरी तरी ठेवाची होती."

रीना फिसकन हसली. बाप टोकावरून जरा तिच्याकडे सरकला.

पुढच्या गुरुवारांत ठरलं ते असं: झोप उडाली, की रीनानं सांगायचं. बापानं ओरडायचं नाही, थेट इकडे आणायचं.

उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या हंगामात, एका गुरुवारी दोघं सकाळीच हजर.

"मॅडम, झोप नाही येऊन राहिली. सारं गाव छोटं वाटून राहिलं," रीना म्हणाली.

"हिनंच मले उठवलं," हिरालाल म्हणाला. "मी ओरडलो नाही. भल्लं जड गेलं."

डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. या खेपेला घरातलं काहीच बाजारात गेलं नाही.

आता मी बाहेर व्हरांड्यात, एक पाय विटेवर, अन् आत प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यात. मला अडगळीत टाका, फोडून चहा करा, हरकत नाही. पण त्या खोलीत पेशंटसाठी एकच खुर्ची मांडून ठेवलीय, ते बघवत नाही. लेक एकटी बरी होत नसते हो. बापालाही बसायला जागा ठेवा.